पुढच्या शिवेवर

दसऱ्याचं सोनं वाटून झालं, की अंबाजोगाईहून केज, धारूर, परळीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या भरलेल्या ट्रॉल्या दिसू लागतात. पत्र्याच्या पेट्या, ज्वारीची पोती, गोधड्यांची बोचकी, पाण्याचे निळे ड्रम, एखादी शेळी, आणि या सगळ्याच्या वर पोरं. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत, निदान हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, परत फिरायचं नाही.

त्या बोचक्यांत कुठेतरी, प्लास्टिकच्या पिशवीत, टीबीच्या गोळ्यांची पाकिटंही असतात. औषधांना दाद देणाऱ्या साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा. ऊसतोडीचा हंगामही पाच-सहा महिन्यांचा. दोन्ही एकदम सुरू झाले, की निदान अंबाजोगाईत होतं, पहिली गोळी गावच्या उपकेंद्रात घेतली जाते, आणि तिसऱ्या महिन्याची गोळी कुठे मिळणार हे मुकादम टोळी कुठल्या फडात उतरवतो त्यावर ठरतं. पूर्वी या गोळ्या आठवड्यातून तीनदा घ्यायच्या होत्या. २०१७ पासून रोज घ्यायच्या असतात. ऊस पहाटे तोडायचा, गाडी रात्री-बेरात्री भरून द्यायची. खाडा झाला तर पैसे कापले जातात, त्यामुळे दवाखान्यासाठी दिवस मोडणं परवडत नाही. महिन्या-दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, संध्याकाळचा ताप जातो. बरं वाटलं की गोळी सुटते. आतला जंतू अजून मेलेला नसतो, आणि जो उरतो तो औषधाला पुरून उरलेला असतो.

सरकारनं यावर उपाय केलेला नाही असं नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘निक्षय’ या संगणकीय नोंदणीमुळे रुग्णाची माहिती एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येते. बीडचा रुग्ण कोल्हापुरातही औषध घेऊ शकतो. पण त्यासाठी उसाच्या पाचटाच्या कोपीत राहणाऱ्या बाईनं परमुलखातल्या सरकारी दवाखान्यात जाऊन, अनोळखी माणसांपुढे, मला टीबी आहे असं स्वतः सांगावं लागतं. टोळीत ते कळलं तर पुढच्या वर्षी मुकादम तिच्या कोयत्याला उचल देईल का, हा हिशेब तिच्या डोक्यात आधी असतो.

* * *

साथीचा रोग गावाबाहेर घालवण्याची आपल्याकडे एक जुनी रीत होती. मराठवाड्यात गावोगाव शिवेलगत, बहुतेक लिंबाखाली, मरीआईचं ठाणं असायचं. पटकी आली की मरीआईचा गाडा निघे. लाकडाचा लहानसा गाडा, त्यात शेंदूर फासलेली देवी, हिरवी चोळी, बांगड्या, दहीभात, नारळ. वाजतगाजत तो शिवेपर्यंत ओढायचा आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडून यायचा. पुढच्या गावानं तो आपल्या पुढच्या शिवेवर न्यायचा.

याला अडाणीपणा म्हणून हसणं सोपं आहे. मला त्यात एक पक्कं निरीक्षण दिसतं. रोग वाटेनं येतो आणि वाटेनंच जातो, हे त्या लोकांनी जंतू न पाहता ओळखलं होतं. शिवेपलीकडेही माणसंच राहतात, एवढंच सोयीस्करपणे विसरलं जात होतं.

गाडे आता फारसे निघत नाहीत. पण शिवेपर्यंत ढकलून हात झटकायची सवय मोडली, असं अंबाजोगाईच्या परिसरातला गेल्या पन्नास वर्षांचा साथींचा इतिहास पाहताना म्हणवत नाही.

* * *

अंबाजोगाई म्हटलं की कोकणस्थांना कुलस्वामिनी योगेश्वरी आठवते, मराठीच्या विद्यार्थ्याला मुकुंदराज, आणि जुन्या माणसांना मोमिनाबाद. निजामाच्या राज्यात गावाचं हेच नाव होतं. इथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. याच गावात स्वामी रामानंद तीर्थ योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व पुढे त्यांच्याकडे आलं. १९७२ मध्ये स्वामीजी गेले. दोनच वर्षांनी, १९७४ मध्ये, त्यांच्या नावानं इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. त्याच्या उभारणीशी डॉ. व्यंकटराव डावळे यांचं नाव आजही जोडलेलं आहे.

आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, असं अंबाजोगाईकर अभिमानानं सांगतात. सेवाग्रामचं महाविद्यालय १९६९ चं, म्हणजे पाच वर्षांनी थोरलं. तेव्हा दाव्यात ‘शासकीय’ हा शब्द घालून भांडण मिटवावं हे बरं. मला पहिलेपणापेक्षा नावातला ‘ग्रामीण’ शब्द महत्त्वाचा वाटतो. वैद्यकीय महाविद्यालय मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद अशा शहरांतच असायचं त्या काळात, रेल्वे नसलेल्या एका तालुक्याच्या गावी ते काढणं ही साधी गोष्ट नव्हती. डॉक्टर जिथे तयार होतो तिथला रोग त्याला कळावा, हा त्यामागचा विचार.

तो काळ वैद्यकशास्त्राच्या मोठ्या आत्मविश्वासाचा होता. ऑस्ट्रेलियाचे नोबेलविजेते विषाणुशास्त्रज्ञ मॅकफर्लेन बर्नेट यांनी १९७२ मध्येच लिहून ठेवलं होतं, की संसर्गजन्य रोगांचं भविष्य बहुधा अगदी कंटाळवाणं असेल. पेनिसिलिन होतं, स्ट्रेप्टोमायसिन होतं, लसी होत्या. अंबाजोगाईचं महाविद्यालय जेमतेम वर्षाचं होतं तेव्हा, मे १९७५ मध्ये, भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला. ज्या रोगाला आपण थेट देवी म्हणत होतो, तो रोग संपला होता. आता हृदय, मेंदू, कर्करोग ही खरी आव्हानं, असं वाटणं अगदी स्वाभाविक होतं.

ते वाटणं अजून गेलेलं नाही. पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी वरच्या क्रमांकांची मुलं रेडिऑलॉजी, त्वचारोग, मेडिसिन घेतात. सूक्ष्मजीवशास्त्राच्या आणि समाजवैद्यकाच्या जागा उरतात, कित्येकदा रिकाम्याच राहतात. समाजवैद्यकाला विद्यार्थी ‘पीएसएम’ म्हणतात आणि त्याचा तास हा बुडवायचा तास अशी जवळजवळ देशभरची परंपरा आहे. विहीर कशी असावी, संडास विहिरीपासून किती लांब असावा, गोवराची साथ कशी मोजावी, हे त्या तासाला शिकवतात. एमबीबीएस होऊन बाहेर पडलेल्या डॉक्टरला हे परत कुणी विचारत नाही. विचारतो तो एखादा ऑगस्ट महिना.

* * *

तसा ऑगस्ट १९९४ मध्ये आला.

बीडजवळच्या डोंगराळ भागात मामला नावाचं छोटं गाव आहे. वस्ती काही शेकड्यांची. ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे घरांत उंदीर मरून पडू लागले आणि पिसवांनी माणसं हैराण झाली. जुन्या माणसांनी याचा अर्थ ताबडतोब सांगितला असता. उंदीर पडले की घर सोडायचं आणि रानात झोपड्या घालून राहायचं, हे त्यांच्या आजा-पणज्यांनी केलं होतं. अमक्याचा जन्म गाठीच्या सालातला, तमका मानमोडीत गेला, अशी वर्षं मोजली जायची. गाठ म्हणजे प्लेग आणि मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. महिनाअखेरीला मामल्यात लोकांना ताप येऊ लागला आणि जांघेत, काखेत गाठी दिसू लागल्या.

भारतातला त्याआधीचा प्लेगचा रुग्ण १९६६ मध्ये कर्नाटकात नोंदलेला. म्हणजे मध्ये अठ्ठावीस वर्षं गेली होती. १९९४ मध्ये चाळिशीत असलेल्या डॉक्टरनं प्लेगची गाठ फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती. अंबाजोगाईच्या महाविद्यालयातून तोवर बाहेर पडलेल्या एकाही तुकडीला विद्यार्थी म्हणून प्लेगचा रुग्ण पाहायला मिळण्याचा संभव नव्हता. ज्या जिल्ह्यात हे महाविद्यालय, त्याच जिल्ह्यात प्लेग परतला, तोही अलेक्झांडर येर्सिननं १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधला त्याला नेमकी शंभर वर्षं होत असताना.

तो आला कुठून? खरं तर तो गेलाच नव्हता. प्लेगचा जंतू रानातल्या उंदरांत राहतो. ते उंदीर त्याच्याशी जुळवून घेऊन असतात, मरत नाहीत. त्यांची पिसू घरातल्या उंदरावर गेली की घरचा उंदीर पटापट मरतो, कारण त्याला सवय नसते. उंदीर थंड पडला की उपाशी पिसू नवं ऊबदार अंग शोधते. माणूस हा तिचा शेवटचा पर्याय. म्हणून आधी उंदीर पडतात आणि मग माणसं.

रानातला आणि घरातला उंदीर एकत्र का आला, याचं जे स्पष्टीकरण तेव्हा दिलं गेलं ते मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्याची धास्ती किल्लारीपुरती राहिली नाही. आजूबाजूच्या जिल्ह्यांतही लोक महिनोन् महिने माळवदाच्या घरात झोपायला तयार नव्हते. बाहेर पत्र्याच्या आडोशाला माणसं आणि आत अंधारात धान्याची पोती. उंदरांना यापेक्षा चांगली सुगी मिळाली नसती. भूकंपाचा आणि प्लेगचा संबंध इतका सरळ दाखवता येतो का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण घर रिकामं आणि धान्य भरलेलं हे समीकरण कुठल्याही शेतकऱ्याला पटेल.

मामल्यात जे झालं ते गाठीच्या प्लेगचं होतं. टेट्रासायक्लिन स्वस्त, पिसवांसाठी फवारणी करता येते, आणि वेळेत औषध मिळालं तर माणूस वाचतो. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली, तेव्हा देश हादरला. हा प्रकार खोकल्यातून पसरतो. सुरतेतून लोकांचे लोंढे निघाले, रेल्वेगाड्या भरून वाहिल्या, कित्येक खासगी डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलपं लावली, औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसं झालं. परदेशांनी विमानं थांबवली. देशभर मिळून पन्नासहून अधिक मृत्यू नोंदले गेले, ते बहुतेक सुरतेचे. मामला हे नाव चार दिवस वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर राहिलं आणि मग सुरतेखाली झाकलं गेलं.

पुढे वाद झाला तो या सगळ्या गोंधळाला साजेसाच होता. हा प्लेग होताच का? प्रयोगशाळेसाठीचे नमुने नीट घेतले गेले नव्हते, चाचण्या अपुऱ्या होत्या, काही तज्ज्ञांनी दुसऱ्याच रोगांची नावं घेतली. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेनं जनुकीय तपासणी करून तो प्लेगचाच जंतू होता हे दाखवून दिलं, तेव्हा २००० साल उजाडलं होतं. सहा वर्षं! अठराशे शहाण्णवला मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिनला लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या अंगात टोचून घ्यायला तीनएक महिने लागले होते. ही तुलना थोडी अन्यायाची आहे, पण ती केल्याशिवाय राहवत नाही.

आणि त्या पहिल्या प्लेगची आठवण निघाली की पुणं आठवतंच. सैनिकांनी घरात घुसून केलेली झडती, माणसं लपवणारी कुटुंबं, २२ जून १८९७ ला प्लेग कमिशनर रँडवर झालेला जीवघेणा हल्ला. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना प्लेगनंच गेल्या. एका बाजूला धाकानं साथ दाबू पाहणारं सरकार, दुसऱ्या बाजूला आजारी मुलाला स्वतः उचलून दवाखान्यात आणणारी बाई. साथीच्या रोगाशी वागायच्या या दोन तऱ्हा आपण तेव्हापासून आलटून पालटून वापरत आलो आहोत.

१९९४ नंतर एक शहाणपणाची गोष्ट मात्र झाली. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीनं या साथीचा अभ्यास केला, आणि रोगांवर सतत नजर ठेवणारी व्यवस्था हवी हे मान्य झालं. त्यातूनच पुढे २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. आठवड्याला प्रत्येक उपकेंद्रातून तापाचे, जुलाबाचे, गोवराचे किती रुग्ण ते कळवायचं. रटाळ काम. एखाद्या आठवड्याला आकडा दुप्पट झाला तर त्याकडे बघणारं कुणीतरी असावं, एवढीच त्यातली करामत. अशी नजर असती तर मामल्यात माणसाला गाठ येण्याआधी, उंदीर पडल्याच्या आठवड्यातच, गावात फवारणी झाली असती.

* * *

प्लेग नाट्यमय असतो. अंबाजोगाईच्या रुग्णालयाची बाह्यरुग्ण रांग भरते ती कमी नाट्यमय तापांनी.

पावसाळा सरता सरता या भागात एक वाक्य घरोघर ऐकू येतं: पेशी कमी झाल्या. कुठल्या पेशी हे विचारायचं कारण नसतं. डेंगीनं प्लेटलेट उतरल्या की पपईच्या पानांचा रस, शेळीचं दूध, किवी, आणि सलाईन. सलाईन लावल्याशिवाय आजार झाला असं वाटत नाही आणि सुई घेतल्याशिवाय तो बरा झाला असंही. दुसरं वाक्य: टायफॉइड निघाला. तो बहुतेक वेळा निघतो विडाल चाचणीत. ही चाचणी फर्नांड विडाल यांनी १८९६ मध्ये शोधली, म्हणजे मुंबईच्या प्लेगच्या वयाची ती आहे. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल किंवा दुसराच एखादा ताप असेल तरी ती होकार देऊ शकते. खात्रीसाठी रक्त संवर्धनाला पाठवावं लागतं, त्याला दिवस लागतात, आणि रोजगार बुडवून आलेल्या माणसाला आज औषध हवं असतं. मग अँटिबायोटिक. टायफॉइडच्या जंतूनं आधी क्लोरॅम्फेनिकॉल पचवलं, नंतर सिप्रोफ्लॉक्सासिन. आता तोंडानं घेण्याजोगी मोजकीच औषधं उरली आहेत.

या तापांचं मूळ पाण्यात आहे, आणि अंबाजोगाईत पाण्याची गोष्ट निघाली की धनेगावच्या मांजरा धरणाची निघते. धरण आटलं की नळाला कधी पाणी येईल ते सांगता येत नाही. २०१६ मध्ये याच धरणावर अवलंबून असलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. जे गाव पाणी साठवून जगतं, त्याच्या घराघरात रांजण, हौद, पिंप, ड्रम भरलेले असतात. डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवणारी एडिस डासाची मादी स्वच्छ साठलेल्या पाण्याच्या काठाशी अंडी घालते. म्हणजे दुष्काळातही डासांचा रोग होतो, आणि तो पाण्याला जपणाऱ्या बाईच्याच घरात होतो. कोरडा दिवस पाळा, आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करा, असं फलक सांगतो. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात हे वाचून काय करायचं?

चिकुनगुन्यानं तर आपल्याशी एक खेळच खेळला. १९७३ मध्ये, अंबाजोगाईहून फार लांब नसलेल्या बार्शीत, त्याची साथ आली. त्यानंतर भारतात तो जवळजवळ नाहीसा झाला. पाठ्यपुस्तकांत एका परिच्छेदापुरता उरला. २००५ च्या शेवटी तो परतला आणि पुढच्या वर्षी मराठवाड्यात गावंच्या गावं वाकून चालू लागली. सकाळी बाजेवरून उठता येईना, घागर उचलता येईना. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनं तपासलं तेव्हा कळलं, की हा बार्शीतला जुना आशियाई वाण नव्हता, आफ्रिकेकडून आलेला वेगळा वाण होता.

* * *

टीबीकडे परत यायला हवं, कारण संसर्गजन्य रोगांत तो सगळ्यात चिवट आहे आणि वैद्यकाच्या मनात सगळ्यात कंटाळवाणा. रॉबर्ट कॉखनं २४ मार्च १८८२ रोजी त्याचा जंतू जगाला दाखवला. पाचच वर्षांनी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात याच रोगानं गेल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी. कारण कळलं होतं, औषध यायला अजून साठ वर्षं होती. तोवर उपचार म्हणजे सॅनेटोरियम: डोंगराची हवा, दूध, अंडी, विश्रांती. ज्याला परवडेल त्याला.

१९५६ मध्ये मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. टीबीच्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला सॅनेटोरियममध्ये ठेवून गोळ्या दिल्या, दुसऱ्याला त्याच गोळ्या देऊन झोपडपट्टीतल्या घरी पाठवलं. घरचे रुग्ण कमी खात होते, जास्त कष्ट करत होते, आणि तरी जवळजवळ तितकेच बरे झाले. घरातल्या माणसांना जास्त लागणही झाली नाही. जगभरची सॅनेटोरियमं बंद पडली ती या भारतीय प्रयोगामुळे. गोळी जिंकली.

पण गोळीच्या विजयात जेवण मागे पडलं. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी टीबी रुग्णांच्या घरच्या माणसांना सहा महिने तांदूळ, डाळ असा शिधा दिला. त्या घरांत नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास घटलं. लसीनं असं काही केलं असतं तर नोबेलची चर्चा झाली असती. रुग्णाला पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळत; नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. बँकेत जमा होतात. बँक गावात आणि रुग्ण फडात, एवढं अंतर राहतंच.

उसाच्या फडावर आणखी एक गोष्ट घडते, ती दिसायला फार छोटी आहे. ट्रॉलीवर बसलेल्या पोरांच्या लसींची तारीख चुकते. गावच्या आशाताईच्या यादीत ते मूल स्थलांतरित म्हणून निघून जातं, कारखान्याच्या गावच्या यादीत ते कुठे चढतं, कुठे नाही. नऊ महिन्यांची गोवराची लस चैत्रात, आई परत आल्यावर, मिळाली तर मिळते. गोवराला अशी चुकलेली पन्नास पोरं एका पालावर सापडली की पुरतात.

* * *

आणि एप्रिल २०२१.

अंबाजोगाईचं नाव देशभर गेलं ते त्या महिन्यात, आणि असं जायला नको होतं. स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात आजूबाजूच्या तालुक्यांतून करोनाचे रुग्ण येत होते, जवळच्या लोखंडी सावरगावच्या केंद्रातही खाटा भरल्या होत्या. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आठ जणांना एकाच चितेवर अग्नी द्यावा लागला. नेहमीच्या स्मशानात करोनाचे मृतदेह आणायला आसपासच्या लोकांचा विरोध झाला होता, म्हणून गावाबाहेरची जागा घेतली होती, आणि ती अपुरी होती. २५ एप्रिलला एका रुग्णवाहिकेत बावीस मृतदेह भरून नेले गेले. रुग्णवाहिका पुरेशा नाहीत, आणखी मागितल्या आहेत, असं रुग्णालयानं सांगितलं. चौकशी झाली, बातम्या झाल्या, बावीस हा आकडा राहिला.

त्या दिवसांत त्या वॉर्डांत पीपीई किट घालून घामानं निथळत उभे राहिलेले निवासी डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांच्याविषयी वाईट लिहिण्याचा माझा हेतू नाही. ती माणसं होती म्हणून आकडा बावीसवर थांबला. मला त्या घटनेत जुना गाडा दिसतो. मेलेला माणूससुद्धा शिवेबाहेर न्या, आमच्या वस्तीत नको. आणि रुग्णवाहिका, प्राणवायू, जागा यांचा हिशेब आधी करून ठेवायचं ज्या विषयाचं काम, त्याचा तास आपण बुडवत आलो.

* * *

देवीनंतर गाडा आणखी एकदा खरोखर थांबला. त्याला औषध लागलं नाही आणि लसही नाही.

मराठवाड्यातल्या साठीच्या पुढच्या कुणालाही नारू विचारा. पायाला फोड येतो, आग होते, फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकावतो. तो हातभर, कधी त्याहून लांब असतो. ओढला तर तुटतो आणि पाय सडतो. म्हणून काडीला गुंडाळून रोज दोन बोटं बाहेर काढायचा. महिनाभर माणूस खाटेवर. आणि हा महिना नेमका पेरणीचा किंवा काढणीचा. नारूनं माणूस मरत नव्हता, पण त्याचं वर्ष मरत होतं.

याचा फेरा विहिरीवर पुरा होई. आग शमवायला माणूस पाय पाण्यात बुडवी, तेव्हा जंताची मादी हजारो अळ्या पाण्यात सोडी. पाण्यातला सायक्लॉप्स नावाचा, डोळ्याला जेमतेम ठिपक्यासारखा दिसणारा जीव त्या अळ्या खाई. तेच पाणी दुसरा माणूस पिई, आणि साधारण वर्षानं त्याच्या पायातून नारू निघे. यासाठी अशी विहीर लागते जिच्यात पायऱ्यांनी उतरून घागर बुडवता येते. म्हणजे बारव. यादव आणि त्यांच्या सरदारांनी बांधलेल्या, अंबाजोगाईच्या परिसरातही सापडणाऱ्या, आपल्या अभिमानाच्या दगडी विहिरी हेच नारूचं घर होतं.

भारतानं १९८३-८४ मध्ये नारू निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला. तेव्हा देशात वर्षाला सुमारे ४० हजार रुग्ण होते आणि बाधित राज्यांत महाराष्ट्र होता. काम असं: गावोगाव हिंडून रुग्ण मोजायचे, ज्याचा नारू निघतोय त्याला विहिरीत उतरू द्यायचं नाही, पाणी कापडानं गाळून प्यायला शिकवायचं, विहिरीत टेमेफॉस टाकायचं, हातपंप खोदायचे, आणि पायऱ्या बुजवून विहिरीला कठडा बांधून राहाटानं पाणी काढायची सोय करायची. कुठल्याही रुग्णालयात यातलं काही घडत नव्हतं. हे काम करणाऱ्यांत ओव्हरसियर होते, शिक्षक होते, मलेरियाचे फवारणी कामगार होते. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं मान्य केलं. मामला-सुरतेच्या प्लेगनं जगाची विमानं थांबवली, त्याच दशकात हे झालं, आणि त्याची बातमी आतल्या पानावर आली.

अलीकडे महाराष्ट्रात बारवा साफ करणारी तरुण मुलं दिसतात. फावडी, टोपल्या घेऊन रविवारी उतरतात, गाळ उपसतात, झाडं काढतात, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर पणत्या लावून फोटो काढतात. काम चांगलं आहे. कुठे कुठे त्यांना जुन्या पायऱ्यांवर दगड-सिमेंटनं घातलेला बुजवटा लागतो. असलं सुंदर बांधकाम कुणी बुजवलं असेल, म्हणून ती हळहळतात. शेजारच्या म्हातारीला विचारलं तर ती लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन पोटरीवरचा जुना वण दाखवते.